उन्हाळ्याची अखेर तारखेने जाहीर करू नये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या १ सप्टेंबरच्या अंकात हवामानाच्या तक्त्याशेजारी एक छोटी चौकट होती. उत्तर गोलार्धातला उन्हाळा आदल्या दिवशी संपला असून आता शरद ऋतूला प्रारंभ झाला आहे, असे तिच्यात दोन वाक्यांत सांगितले होते आणि सोबत लाल-पिवळ्या पानांचे सुरेख छायाचित्र होते. शेजारच्या तक्त्यात मात्र त्याच गोलार्धातल्या अनेक शहरांची कमाल तापमाने ३५ अंशांच्या पुढे होती. चौकट आणि तक्ता एकमेकांना खेटून छापलेले असूनही एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसावा, असे वाटत होते. चौकटीतले वाक्य चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. वेधशाळांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. परंतु त्या वाक्याने वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते बाहेरच्या हवेला धरून नाही, आणि अशा घोषणांवर विसंबून माणसे आपली व्यवस्था बदलतात हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

ऋतू कुठून सुरू झाला हे ठरवण्याच्या दोन रीती सध्या प्रचलित आहेत. खगोलशास्त्राच्या रीतीने शरद संपाताला, म्हणजे २२ किंवा २३ सप्टेंबरला, सूर्य विषुववृत्तावर येतो तेव्हा उत्तरेकडे शरद सुरू होतो. हवामानशास्त्राच्या रीतीने सरासरी काढणे सोयीचे व्हावे म्हणून पूर्ण महिने धरले जातात आणि शरदाचा पहिला दिवस १ सप्टेंबर मानला जातो. दक्षिण गोलार्धात शरदाचे हे दोन्ही आरंभ मार्चमध्ये येतात. या दोन रीतींमध्येच तीन आठवड्यांचे अंतर आहे, यावरूनही लक्षात यावे की त्या हिशेबाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा आहेत. त्या रेषांपाशी हवा येऊन थांबत नाही. आपल्या सहा ऋतूंच्या मोजणीत ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्ये वर्षा ऋतू येतो. समशीतोष्ण प्रदेशांत मात्र उन्हाळा थेट शरदाला जाऊन भिडतो, आणि माझे म्हणणे मुख्यतः त्या सांध्याविषयी आहे. जिथे मध्ये पावसाळा येतो तिथेही पाऊस परतला, आकाश निरभ्र झाले की उन्हाचा दुसरा ताव सुरू होतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्याच्या अखेरीला उष्मा इतका चिवट का असतो, याचे कारण साधे आहे, तरी ते क्वचितच सांगितले जाते. उत्तर गोलार्धाला सूर्याकडून सर्वाधिक ऊर्जा २१ जूनच्या सुमारास मिळते, पण सर्वाधिक तापमान त्या दिवशी नसते. जोवर जमिनीत आणि पाण्यात येणारी उष्णता तिथून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे, तोवर पारा चढतच राहतो. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे समुद्रापासून दूरच्या प्रदेशात उष्म्याचा कळस जुलैत गाठला जातो. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. म्हणून समुद्राचा पृष्ठभाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत उबदार असतो. आर्क्टिक महासागरावरचा बर्फ वर्षातला नीचांक सप्टेंबरमध्ये गाठतो, तो याच कारणाने. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींतला सर्वांत कमी विस्तार, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, २०१२ च्या सप्टेंबरमधला आहे. अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा हंगामही १० सप्टेंबरच्या आसपास ऐन भरात असतो. सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो, दिवस आखडत असतात, आणि तरीही समुद्राने महिनोन्‌महिने साठवलेली उष्णता किनाऱ्यावरच्या रात्रींना निवू देत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी जो दमट, रात्रीही न उतरणारा उकाडा जाणवतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या साठ्यात असते.

सप्टेंबरमधली काही तापमाने मी मुद्दाम टिपून ठेवली आहेत. सॅन फ्रान्सिस्को या शहरात वर्षातला सरासरीने सर्वांत उष्ण महिना जुलै नसून सप्टेंबर आहे, कारण भर उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे धुके तोवर विरळ झालेले असते. त्या शहराचा आजवरचा उच्चांक, ४१.१ अंश सेल्सियस, १ सप्टेंबर २०१७ चा आहे, म्हणजे वेधशाळेच्या हिशेबाने शरदाच्या पहिल्याच दिवसाचा. लॉस एंजेलिस परगण्यात ६ सप्टेंबर २०२० रोजी ४९.४ अंशांची नोंद झाली. सॅक्रामेंटोचा आजवरचा उच्चांक, ४६.७ अंश, बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला, ६ सप्टेंबर २०२२ रोजी नोंदवला गेला. ब्रिटनसारख्या थंड समजल्या जाणाऱ्या देशातही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सलग सात दिवस पारा ३० अंशांच्या वर राहिला, आणि त्या वर्षातला तिथला सर्वांत उष्ण दिवस जून, जुलै किंवा ऑगस्टमधला नव्हता; तो १० सप्टेंबर होता. ही सारी तापमाने ज्या दिवसांची आहेत, त्या दिवसांत उन्हाळा वेधशाळेच्या हिशेबाने संपलेला होता.

ज्या समाजांनी हा काळ पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला, त्यांच्या भाषांनी त्याला स्वतंत्र नावे दिली आहेत, आणि ती आपल्या छापील चौकटीपेक्षा पुष्कळ नेमकी आहेत. जपानी भाषेत या उष्म्याला ‘झान्शो’ म्हणतात, म्हणजे उरलेला उष्मा. चिनी भाषेत त्याला ‘शरदातला वाघ’ म्हणतात. चिनी सौर पंचांगात वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत आणि या सांध्यावरचे भाग क्रमाने वाचले की सांधा किती लांब आहे ते कळते: ७ किंवा ८ ऑगस्टला शरदाचा आरंभ, २३ ऑगस्टच्या सुमारास उष्म्याची अखेर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी शुभ्र दव, मग संपात, ८ ऑक्टोबरच्या सुमारास थंड दव आणि २३ ऑक्टोबरच्या सुमारास हिमकण. शरद सुरू झाल्यानंतर पंधरा दिवसांनी उष्मा संपतो, असे त्या पंचांगातच सांगितलेले आहे. प्रत्यक्षात तो त्यानंतरही रेंगाळतो, आणि शरदातला वाघ हा शब्द नेमका त्यासाठी आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने या चोवीस भागांच्या ज्ञानाची मानवाच्या अमूर्त वारशात नोंद केली.

अरबस्तानात ही खूण आकाशात पाहतात. २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे दक्षिण क्षितिजावर ‘सुहैल’ हा तारा दिसू लागला की उन्हाळ्याचा जोर ओसरायला लागल्याचे मानतात. हा तारा म्हणजे आपला अगस्त्य. त्याच्या उदयानंतर गढूळ पाणी निवळते, अशी समजूत संस्कृत काव्यात आहे. दोन वेगळ्या भूभागांतल्या माणसांनी ऋतूचा पालट एकाच ताऱ्याला बांधावा, हे मला फार मोलाचे वाटते. आणि सुहैल दिसला म्हणून दुपारची काहिली त्या दिवशी थांबत नाही, ती पुढे कित्येक आठवडे चालते, हेही ती माणसे जाणून असतात. खूण दिसणे आणि सुटका होणे यांत अंतर असते, ही समज आजच्या बातमीच्या भाषेत राहिलेली नाही.

या खुणांबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण त्या पाहण्यात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आहेत. पहिली खूण उजेडाची. दिवस लहान होण्याचा वेग संपाताच्या आसपास सर्वांत जास्त असतो. ४० अक्षांशावर दिवस रोज सुमारे पावणेतीन मिनिटांनी आखडतो, ५० अक्षांशावर पावणेचार मिनिटांनी आणि ६० अक्षांशावर साडेपाच मिनिटांनी. जूनच्या उत्तरार्धात ४० अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य ७३ अंशांच्या वर असतो, तो संपाताला ५० अंशांवर उतरलेला असतो. त्यामुळे ऊन तितकेच तापदायक असूनही वेगळे दिसते. ते भिंतींवर तिरपे पडते, खिडकीतून खोलीत अधिक आतवर येते आणि सावल्या दुपारीही लांब राहतात. दुसरी खूण दवाची. रात्र लांबली आणि आकाश स्वच्छ असले की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिला लागून असलेली हवा थंडावते आणि पहाटे गवतावर पाणी उतरते. दुपारी पारा ३३ अंशांवर जाणार असलेल्या दिवशीही पहाटे पायाला दव लागू शकते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

तिसरी खूण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शांत, निरभ्र दिवशी कोळ्यांची लहान पिल्ले गवताच्या टोकावर चढून रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि त्या धाग्याच्या आधाराने दूर वाहत जातात. तिरप्या उन्हात हे धागे चमकतात. शरदातल्या उबदार दिवसांना जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याचा संबंध याच तंतूंशी जोडला जातो. पाखरांची खूण मात्र ठळक असते. उत्तर युरोपातल्या पाकोळ्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच दक्षिणेकडे निघतात, तर भिंगऱ्या सप्टेंबरमध्ये तारांवर रांगा धरून बसू लागतात. उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांची गोष्ट याहून विलक्षण आहे. उन्हाळ्यातल्या त्यांच्या पिढ्या दोन ते सहा आठवडे जगतात. परंतु आखडणारे दिवस, गार होत चाललेल्या रात्री आणि रुईच्या कुळातल्या मिल्कवीड या खाद्यवनस्पतीचे जुने होत जाणे, या साऱ्यांमुळे उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मलेल्या पिढीत प्रजनन थांबते, ती आठ-नऊ महिने जगते आणि हजारो किलोमीटर उडत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या डोंगरांवर पोहोचते. बाहेर उन्हाळा असताना त्या इवल्या देहात शरद सुरू झालेला असतो.

पानांविषयी तर आपल्याच चौकटीत छायाचित्र होते, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. पिवळा रंग शरदात निर्माण होत नाही. कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात आधीपासून असतात आणि हरितद्रव्य मोडले जाऊ लागले की ती दिसू लागतात. लाल रंगाची अँथोसायनिन द्रव्ये मात्र बहुतांशी त्याच वेळी नव्याने तयार होतात, आणि त्यासाठी स्वच्छ ऊन व गोठणबिंदूच्या वरच राहणाऱ्या थंड रात्री लागतात. दरम्यान झाड पानातले नत्र व इतर द्रव्ये खोडाकडे परत ओढून घेते आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटते. ही एक शिस्तबद्ध, आठवडेच्या आठवडे चालणारी प्रक्रिया आहे. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ज्या लाल पानांचे छायाचित्र छापले जाते, ती पाने बहुतेक समशीतोष्ण प्रदेशांत त्या दिवशी अजून हिरवीच असतात.

आणि जर ती हिरवी नसतील, तर ती वाईट बातमी असू शकते. २०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये पारा इतिहासात पहिल्यांदा ४० अंशांच्या पुढे गेला. १९ जुलैला कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, आणि त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये अनेक झाडांनी पाने तपकिरी करून गाळायला सुरुवात केली. बागांमधून पानांचा सडा पडलेला पाहून शरद लवकर आला असे लोकांना वाटले. तो शरद नव्हता. पाणी तुटल्यामुळे झाडाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ती काटकसर होती, आणि तिला तिथले जाणकार ‘खोटा शरद’ म्हणतात. खऱ्या पानगळीत झाड पानातला ऐवज परत घेऊन मग पान सोडते; होरपळून गळलेल्या पानाबरोबर त्यातला बराचसा ऐवज वाया जातो. पायाखालची पाने सारखीच कुरकुरतात, पण एकात ऋतू असतो आणि दुसऱ्यात आजार. वाचकांना हा फरक ओळखायला शिकवणारा मजकूर आपल्या पानावर मला हवा आहे.

आता नुकसानीविषयी. उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मिठाचे प्रमाण घटते, रक्तातला द्रव वाढतो आणि तेवढ्याच श्रमासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. ही कमाई टिकाऊ नसते. थंड हवेत ती दिवसागणिक ओसरते आणि जवळपास महिन्याभरात बहुतेक निघून जाते. उन्हाळ्यातली पहिली उष्णतेची लाट नंतरच्या लाटांपेक्षा सहसा जास्त जीवघेणी असते, हे मला मान्य आहे, आणि अखेरच्या उष्म्याला तिच्याहून भयंकर ठरवण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की अखेरच्या उष्म्यात शरीराची तयारी उतरणीला लागलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी आजूबाजूची सावधगिरीही काढून घेतलेली असते.

माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत हेच घडले. ते एका गोदामाच्या उघड्या आवारात मालाच्या चढ-उतारावर देखरेख करत. उन्हाळ्यात तिथे दुपारी दीड तास काम थांबत असे, सावलीसाठी ताडपत्री ताणलेली असे आणि पाण्याचे पिंप भरलेले असे. ही सारी व्यवस्था दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला बंद होई, हवा कशीही असो. त्या वर्षी त्या तारखेच्या आधीचे दहा-बारा दिवस पहाटे छान गारवा होता, दवही पडत होते, आणि उन्हाळा गेला याबद्दल कुणालाच शंका उरली नव्हती. ताडपत्री उतरवली गेली. पाचव्या दिवशी उष्मा परतला. उष्मा परतल्यानंतरच्या तिसऱ्या दुपारी बंधू काम करता करता कोसळले. त्यांच्या अंगाला घाम नव्हता, बोलणे असंबद्ध झाले होते, आणि सहकाऱ्यांनी प्रसंगावधान राखून अंगावर पाणी ओतत त्यांना तातडीने रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. पूर्ववत व्हायला त्यांना अनेक आठवडे लागले. त्या आस्थापनेचे नाव घेण्यात मला रस नाही. तिथल्या माणसांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांच्या हातात कॅलेंडर होते, तापमापक नव्हता, एवढेच मी जाणतो आणि ते मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

मोठ्या यंत्रणांचेही वेगळे नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये, सुटीच्या दिवसांत आलेल्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि न निवणाऱ्या रात्रींचा वाटा फार होता. त्यानंतर २००४ मध्ये त्या देशाने उष्म्याशी सामना करण्याची राष्ट्रीय योजना आखली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले, यात वाद नाही. पण त्या योजनेचा देखरेखीचा काळ १ जून ते १५ सप्टेंबर असा आखलेला आहे, आणि इंग्लंडमधल्या उष्मा-इशाऱ्यांचा मुख्य हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर. यंत्रणा उभी ठेवायला मनुष्यबळ लागते, तिला कुठेतरी सीमा असणार, हे मी समजतो. म्हणूनच सीमेबाहेर पडणाऱ्या दिवसांची आठवण करून देण्याचे काम वृत्तपत्राकडे येते, असे मला वाटते.

वणव्यांचाही इथे उल्लेख करायला हवा. उन्हाळ्याच्या आरंभी रानात ओल असते. अखेरीला गवत, पालापाचोळा, फांद्या सारे वाळून कोळ झालेले असते आणि पहिला पाऊस अजून आलेला नसतो. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव बेचिराख करून ८५ जणांचा जीव घेणारा वणवा ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पेटला. दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसांचा बळी घेणारा शनिवार ७ फेब्रुवारी २००९ चा होता, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यातला. त्या दिवशी मेलबर्नमध्ये ४६.४ अंशांची नोंद झाली होती.

हवामान बदलत असताना तर तारखेवरचा विश्वास अधिकच महाग पडणार आहे. २०२३ चा सप्टेंबर जगाच्या सरासरी तापमानात औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.७५ अंशांनी वर होता. टोकियोत २०२४ साली १९ ऑक्टोबरलाही पारा ३० अंशांच्या वर गेला. इतक्या उशिरा असा दिवस तिथे पूर्वी नोंदला गेला नव्हता. झाडांचा प्रतिसाद मात्र सरळ रेषेत जात नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत चित्तवेधक वाटते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, २१ जूनच्या आधीची ऊब पाने लवकर पिकण्याकडे नेते, तर त्यानंतरची ऊब तीच प्रक्रिया लांबवते. म्हणजे शरद लवकर येतो आहे की उशिरा, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. वसंत कसा गेला आणि उन्हाळ्याचा उत्तरार्ध कसा गेला, हे दोन्ही पाहावे लागते. ते पाहायचे तर ठिकठिकाणच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात.

या नोंदींच्या बाबतीत शरदावर फार अन्याय झालेला आहे. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापर्यंत मागे जातात. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ते काम विसाव्या शतकापर्यंत चालवले. हे सारे वसंताचे. शरदाला असे चाहते कमी मिळाले. त्याला काही अंशी कारणही आहे: पहिले फूल उमलण्याला एक दिवस असतो, तर पान पिवळे होण्याला नेमका दिवस देता येत नाही, तो पाहणाऱ्याला ठरवावा लागतो. जपानच्या हवामान संस्थेने १९५३ पासून देशभर एकसारख्या पद्धतीने झाडे, पाखरे आणि कीटकांच्या खुणा टिपल्या. त्या यादीतल्या ५७ जाती २०२१ पासून फक्त ६ वनस्पतींवर आल्या, कारण वेधशाळांच्या परिसरात ते जीव सापडेनासे झाले होते. उरलेल्या सहांत गिंकोची पाने पिवळी होणे आणि मॅपलची लाल होणे टिकून राहिले, याचे मला समाधान आहे. पुढे त्या नोंदी नागरिकांच्या हातांनी चालू ठेवण्याचा प्रयत्न तिथे सुरू झाला. ब्रिटन आणि अमेरिकेतही हजारो सामान्य माणसे अशा नोंदी पाठवतात.

माझी आपल्याला विनंती याच धर्तीची आहे. हवामानाच्या तक्त्याला लागून, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे दहा-बारा आठवडे, रोज चार ओळींची जागा ऋतूच्या खुणांसाठी ठेवावी. तीत वाचकांनी पाठवलेली निरीक्षणे ठिकाण आणि तारखेसह छापावीत: पहिले दव, पहाटेचे पहिले धुके, अमुक झाडाचे पहिले पिकलेले पान, अमुक पाखरांचा शेवटचा दिसलेला थवा. त्याच ओळींत त्या दिवसाचे कमाल तापमान, किमान तापमान आणि दुपारची आर्द्रता असावी, म्हणजे पहाटेच्या गारव्याची बातमी वाचणाऱ्याला दुपारच्या उष्म्याचा आकडाही शेजारीच दिसेल. किमान तापमानाचा मी मुद्दाम आग्रह धरतो, कारण रात्री पारा किती उतरला यावरून शरीराला विसावा मिळतो की नाही ते कळते, आणि मथळ्यांत नेहमी कमाल तापमानच येते. निरीक्षणे पाठवणाऱ्यांना एवढेच सांगावे की दरवर्षी झाड तेच असावे, पाहण्याची वेळ तीच असावी, आणि पान होरपळून तपकिरी झाले आहे की पिकून पिवळे, ते स्पष्ट लिहावे. आणि उन्हाळा संपल्याची चौकट छापायचीच असेल, तर ती सलग काही दिवस कमाल व किमान दोन्ही तापमाने उतरलेली दिसल्यानंतर छापावी. ‘वेधशाळेच्या हिशेबाने’ हे दोन शब्द तिच्यात असावेत.

माझ्याकडे एकाच अंगणातल्या एकाच झाडाच्या सलग एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांत पहिले दव आणि शेवटची ३० अंशांपुढची दुपार यांच्या तारखा समोरासमोर लिहिलेल्या आहेत. एकोणीसपैकी एकाही वर्षी दव शेवटच्या तप्त दुपारीनंतर पडलेले नाही, ते नेहमी आधीच पडले आहे, कधी नऊ दिवस, कधी पाच आठवडे. एका झाडावरून कुणी सिद्धान्त मांडू नये, मीही मांडत नाही. पण आपण जागा दिलीत तर वहीतली ही पाने स्वच्छ अक्षरांत उतरवून, वर्षवार लावून, मी आपल्या कार्यालयाकडे पाठवीन. या वर्षीची ओळ अजून अपुरी आहे. दवाची तारीख लिहून झाली, समोरची जागा मोकळी ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक